डोमेनमधला डॅश: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या दुकानदारांसाठी

"वेबसाइट काय म्हणालात ओ?"

"भोसले, डॅश, इलेक्ट्रिकल्स, डॉट इन."

"डॅश म्हणजे ती खालची रेघ काय?"

"न्हाई ओ, मधली. आडवी. वजाबाकीची."

"थांबा, व्हॉट्सॲपच करा की."

खडेबाजारात एका काउंटरपाशी उभा असताना ऐकलेलं हे बोलणं. दुकानाचं नाव बदललंय, बाकी तसंच ठेवलंय. बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतल्या छोट्या दुकानदारांना मी वेबसाइट करून देतो. पहिल्या भेटीत एक प्रश्न हटकून येतो: "नावात डॅश घातला की गूगलवर वर येतं म्हणे?" येत नाही. पण म्हणून डॅश टाकाऊ ठरत नाही. त्याचं काम वेगळं आहे. ते कळलं की डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, निवडायला एक संध्याकाळ पुरते.

पहिलं काम: नाव सलग लिहून बघा

डोमेनमध्ये मोकळी जागा चालत नाही. म्हणून दुकानाचं नाव रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, एकाला एक चिकटवून कागदावर लिहा. या लेखात मी नावं देवनागरीतच लिहितोय, तुम्ही मनात रोमन धरून चला. आता दोन शब्द जिथे भेटतात तो सांधा बघा.

'भोसले'चा शेवट रोमन 'ई'ने होतो आणि 'इलेक्ट्रिकल्स'ची सुरुवातही त्याच 'ई'ने. चिकटवलं की दोन 'ई' शेजारी येतात आणि टाइप करणारा त्यातला एक खातो. 'माने एंटरप्रायझेस'ची तीच गत. 'रमा आर्ट्स'मध्ये दोन 'ए' एकमेकांना भिडतात. तिथे डॅश घातला तर निदान वाचणाऱ्याला कळतं की पहिला शब्द इथे संपला.

याहून गमतीचा सांधा 'सागर आइस'चा. समजा बर्फाचा कारखाना आहे. एस-ए-जी-ए-आर आणि आय-सी-ई सलग लिहा आणि नाव माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. निम्मे लोक 'सागा राइस' वाचतील. आमच्याकडे तर बेळगाव बासमतीचं नाव सगळ्यांच्या तोंडी, तेव्हा तांदळाचीच चौकशी येणार. असं नाव असेल तर डॅश बिनधास्त घाला. तो कारखान्याला तांदळाचं दुकान होण्यापासून वाचवतो.

उलट 'कुंदाघर' बघा. सांधा स्वच्छ आहे, वाचायला एकच वाट आहे. तिथे डॅश म्हणजे चांगल्या रस्त्यावर उगाच घातलेला गतिरोधक. बहुतेक नावं या जातीची असतात, आणि माझा पहिला सल्ला बहुतेक वेळा "डॅश नको" हाच असतो.

डॅश घालायचाच तर एक. दोन म्हणजे फोनवर सांगताना घसा बसतो. तीन असतील तर तो पत्ता कुणाच्या लक्षात राहणार नाही, आणि वरून संशय येतो. बँकेचं नाव, डॅश, 'केवायसी', डॅश, 'अपडेट' अशा धाटणीचे फसवे दुवे लोकांच्या फोनवर येऊन गेलेत. तुमचं दुकान त्या रांगेत दिसायला नको.

डॅशचे नियम

हे भराभर सांगतो. रोमन डोमेनमध्ये अक्षरं, आकडे आणि डॅश एवढंच चालतं. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, चालत नाही. डॅश नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येऊ शकत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या जागी लागोपाठ दोन डॅशही घेता येत नाहीत, ती जागा देवनागरीसारख्या लिप्यांतल्या डोमेनच्या आतल्या रूपासाठी राखीव आहे. दोन ठिपक्यांच्या मधल्या भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथवर तुम्ही पोचलात तर नाव आधीच चुकलंय. लहान-मोठ्या अक्षरांनी काही फरक पडत नाही.

गूगलचं नक्की काय आहे

ही अफवा कुठून आली ते सांगायला हवं, कारण ती पूर्ण खोटी नव्हती, जुनी आहे. एकेकाळी लोक जे शोधतात तेच शब्द डोमेनमध्ये कोंबले की फायदा व्हायचा. मग शब्द वेगळे दिसावेत म्हणून मधे डॅश घालून 'स्वस्त-घरकर्ज-अमुक-शहर' अशी नावं उगवली, आत मजकूर मात्र शून्य. २०१२च्या सप्टेंबर अखेरीस गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं की शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या पण दर्जा नसलेल्या डोमेनांना यापुढे वरची जागा मिळणार नाही. तेव्हापासून त्या युक्तीची हवा गेली. गूगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत आज सरळ लिहिलंय की डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, निकालात पत्ता दिसतो तेवढंच.

डॅश दिसला की गूगल त्याला दोन शब्दांमधली फट समजतं, हे खरं. पण फट समजणं वेगळं आणि बक्षीस देणं वेगळं. डॅशबद्दल शिक्षाही नाही. 'डॅशवालं डोमेन गूगल खाली टाकतं' असं छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यांचंही ऐकू नका.

गणपत गल्लीतल्या दुकानाला शोधात वर यायचं असेल तर डोमेनपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची नोंद, जास्त उपयोगी. स्थानिक निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. त्या नोंदीत पाटीवर आहे तेच नाव लिहा. 'भोसले इलेक्ट्रिकल्स बेस्ट फॅन मोटर रिवाइंडिंग बेळगाव' असं लांबलचक नाव तिथे घालणं नियमाविरुद्ध आहे, नोंद बंदही होऊ शकते.

एक गोष्ट मात्र खरोखर कामाची. गिऱ्हाइकाला तुमचं नाव आठवलं तर तो नावानेच शोधतो, आणि बरेचदा टाइप न करता फोनपुढे बोलतो. "भोसले इलेक्ट्रिकल्स बेळगाव" म्हणताना मधे "डॅश" कोण म्हणतं? बोललेलं नाव, पाटीवरचं नाव आणि डोमेन यांच्यात जितकं कमी अंतर, तितकं बरं.

गावाचं नाव घालायचं का, आणि कुठल्या स्पेलिंगने?

आपल्याकडे डॅशपेक्षा मोठी डोकेदुखी ही आहे. १ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं अधिकृतपणे बदलली आणि इंग्रजीतलं 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' आलं. तरी आपण मराठीत बेळगावच म्हणतो, जुने व्यापारी इंग्रजीत अजून जुनंच स्पेलिंग लिहितात, सरकारी कागदावर नवं असतं, आणि मराठी उच्चाराला धरून लिहिणाऱ्याचं तिसरंच. शेवटी 'ए-यू-एम', 'ए-व्ही', 'ए-ओ-एन' की 'ए-व्ही-आय'? चार माणसांना लिहायला सांगा, चार उत्तरं येतील. यात भावनाही आहेत, त्या असणारच. स्पेलिंगवरून भावाभावांत वाद झालेला मी पाहिलाय आणि त्यात पडलो नाही.

माझं मत असं: अगदी गरज नसेल तर शहराचं नाव डोमेनमध्ये घालूच नका. स्पेलिंगचा घोळ टळतो, आणि उद्या कोल्हापूर किंवा पणजीला शाखा काढली तर नाव आडवं येत नाही. शहर सांगायला पानाचं शीर्षक, पत्ता, नकाशावरची नोंद, एवढ्या जागा आहेत. तिथे 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही सहज लिहिता येतात.

गरज कधी असते? दुकानाचं नाव फार सामान्य असेल आणि नुसतं मिळत नसेल तर. 'महालक्ष्मी' नावाचं दुकान नाही असं गाव मला दाखवा. तिथे गावाचं नाव जोडावं लागतं, आणि तेव्हा डॅश शोभतो, कारण नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते दिसतं. स्पेलिंग ठरवताना गूगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या पानावर, दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघा, आणि शोधाच्या चौकटीत पहिली चार अक्षरं टाकून खाली काय सुचवलं जातं तेही बघा. आपल्याला काय आवडतं यापेक्षा गिऱ्हाईक काय टाइप करतं याला मान द्या.

इतर गावांचे आपापले चकवे आहेत. खानापूर म्हटलं की सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुकाही येतो. निपाणीत 'पी' एक की दोन, चिकोडीत 'के' एक की दोन. मालाच्या नावातही हेच. अथणी-निपाणीकडे चपला करणारे आहेत, आणि २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. गिऱ्हाईक 'कोल्हापुरी' असंच शोधतं. पण 'चप्पल' लिहिताना रोमन 'पी' आणि 'एल' किती घालायचे यावर एकमत नाही. असा शब्द डोमेनमध्ये न घालता आतल्या पानांवर ठेवणं शहाणपणाचं.

डॅशशिवायचं नाव कुणाचं आहे, ते आधी बघा

यात कसूर करू नका. लोक डॅश विसरतातच. तुम्ही 'भोसले-इलेक्ट्रिकल्स' घेतलंत आणि सलग 'भोसलेइलेक्ट्रिकल्स' दुसऱ्याच्या नावावर असेल, तर तुमच्या जाहिरातीवर येणारी गिऱ्हाइकं त्याच्या दारात जाऊन उभी राहणार. तो दुसरा तुमच्याच धंद्यातला असला तर विषय संपला, वेगळं नाव शोधा. सलग नाव गेलंय म्हणून डॅशवालं घेतो, हा डॅश वापरण्याचा सगळ्यात वाईट बहाणा. दुसऱ्याच्या नावाजलेल्या नावात डॅश घालून घेणं तर त्याहून धोक्याचं. डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी वेगळं धोरण आहे आणि त्याखाली नाव काढून घेतलं जाऊ शकतं.

दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्या. एक मुख्य ठरवा, माझ्या मते सलग असलेलं, आणि दुसऱ्यावरून कायमस्वरूपी रीडायरेक्ट लावा, म्हणजे तिथे आलेला माणूस आपोआप मुख्य पत्त्यावर जातो. तांत्रिक भाषेत त्याला ३०१ म्हणतात. वेबसाइट करणाऱ्याला एवढंच सांगा: "डॅशवालं टाकलं तरी सलगवर गेलं पाहिजे, आणि ३०१नेच." दोन्ही पत्त्यांवर तीच वेबसाइट वेगवेगळी उघडी ठेवली तर गूगलपुढे एकाच मजकुराच्या दोन प्रती येतात आणि मुख्य कुठली ते त्याला ठरवावं लागतं. ते तुम्हीच ठरवलेलं बरं.

ज्यांनी आधीच डॅशवालं घेतलंय आणि आता सलगवर यायचंय, त्यांनी पानागणिक रीडायरेक्ट लावावेत, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे वेबसाइट मालकांसाठीच्या त्याच्या सेवेत, पत्ता बदलल्याची नोंद करावी, आणि जुने रीडायरेक्ट किमान एक वर्ष राहू द्यावेत. जुनं डोमेन त्यानंतरही सोडू नका. सोडलंत की कुणीतरी उचलतं, आणि तुमच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता भलतीकडे नेतो.

छपाईत डॅशचं काय होतं

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका मिठाईवाल्यांना मी दोन डॅशचं डोमेन घेऊन दिलं होतं. नवीन होतो, वाचायला सुटसुटीत दिसतं असं वाटलं. त्यांनी कुंद्याचे बॉक्स छापून घेतले. बॉक्सची बाजू अरुंद, पत्ता एका ओळीत मावेना. डीटीपीवाल्याने तो डॅशपाशी तोडून दोन ओळींत बसवला. आता वाचणाऱ्याने काय समजायचं? ओळीच्या शेवटी आलेला डॅश म्हणजे शब्द पुढच्या ओळीत चालू आहे, असं आपण लहानपणापासून शिकलोय. काहींनी डॅश गाळून टाइप केलं. ती सलग आवृत्ती आम्ही घेतलीच नव्हती. दुसरा डॅश तर सॉफ्टवेअरने आपणहून लांब करून टाकला होता. तो लांब डॅश कॉपी करून टाकला की पत्ता उघडतच नाही. बॉक्स संपेपर्यंत सहा महिने मी त्या दुकानासमोरून जाताना स्कूटरचा वेग वाढवत होतो.

तेव्हापासूनची रीत अशी. छपाईला देण्याआधी प्रूफवरचा पत्ता स्वतः फोनवर टाइप करून बघतो. डीटीपीवाल्याला सांगतो की पत्ता तोडायचाच असेल तर डॉटच्या आधी तोड, डॅशपाशी नाही. सोबत क्यूआर कोड छापतो, म्हणजे डॅशचा प्रश्नच राहत नाही.

दुकानाच्या पाटीचंही तसंच. कर्नाटकात २०२४च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. उरलेल्या जागेत मराठी नाव, इंग्रजी नाव, फोन नंबर आणि वेबसाइट बसवायची. रोमन पत्ता बोटभर उंचीचा होतो आणि रस्त्यापलीकडून त्यातला डॅश दिसत नाही. आखूड, सलग नावाचा फायदा इथे कळतो.

डॅश जिथे खरा हवा

गंमत अशी की डोमेनमध्ये लोक डॅशचा हट्ट धरतात, आणि आतल्या पानांच्या पत्त्यात, जिथे तो हवा, तिथे विसरतात. डोमेननंतर तिरपी रेघ येते आणि पुढे पानाचं नाव. 'कुंदाघर डॉट इन', तिरपी रेघ, 'गोकाक-करदंट'. इथे दोन शब्दांत डॅशच घाला. पानांच्या पत्त्यात अंडरस्कोर न वापरता डॅश वापरा अशी गूगलचीच शिफारस आहे. शब्द तीन-चार पुरे. 'शहापुरी-साडी' ठीक, 'शहापुरी-साडी-उत्तम-दर्जा-वाजवी-दर-घरपोच' नको.

हे पानांचे पत्ते रोमनमध्ये ठेवावेत की देवनागरीत? दोन्ही चालतात. पण देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. एका अक्षरचिन्हाचे नऊ रोमन वर्ण. 'कुंदा' या छोट्या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस वर्ण. व्हॉट्सॲपवर ते बघून गिऱ्हाईक घाबरतं. म्हणून मी पत्ता रोमन आणि पानाचं शीर्षक मराठी ठेवतो.

कन्नड गिऱ्हाइकांसाठीही पानं करायची असतील, आणि करावीतच, तर त्यासाठी दुसरं डोमेन घेऊ नका. एकाच डोमेनखाली मराठीसाठी 'एमआर' आणि कन्नडसाठी 'केएन' असे दोन विभाग करा. 'अमुक-मराठी' आणि 'अमुक-कन्नड' अशी डॅशची जोडडोमेनं करणारे वर्षभरात दोन्हीकडचा मजकूर अपुरा ठेवून बसतात.

देवनागरी डोमेन

डॉट भारत हा देवनागरी शेवट २०१४ पासून मिळतो. दिसायला सुंदर, मलाही आवडतो. पण त्याच्या आत 'एक्सएन' आणि दोन डॅशनी सुरू होणारं एक रोमन रूप दडलेलं असतं. काही ठिकाणी तेच उघडं पडतं, आणि सगळ्या ईमेल सेवा असा पत्ता घेत नाहीत. शिवाय 'बेळगाव'मधला 'ळ' हिंदी कीबोर्डवाला 'ल' टाइप करणार. हौस म्हणून दुसरं डोमेन घ्या, रोमनवर रीडायरेक्ट करा, एकट्यावर दुकान चालवू नका.

पैसे भरताना

डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. मुलाच्या मित्राच्या ईमेलवर घेतलेली डोमेनं तो मित्र पुण्याला नोकरीला गेला की अडकतात. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरा. दोन नावं घेतलीत तर दोन्हींचं नूतनीकरण दर वर्षी येणार हेही धरा. डॉट कॉम घेतलंत तर पडताळणीचं ईमेल येतं. पंधरा दिवसांत त्यातला दुवा दाबला नाही तर वेबसाइट बंद पडू शकते.

आणि 'पैसे भरा' बटण दाबण्याआधी एक फोन करा. चंदगडला, नाही तर कोवाडला, कुणी मावशी-आत्या असेलच. नाव एकदाच सांगा, हळू नाही, नेहमीच्या वेगाने, आणि लिहून घेतलेलं अक्षर अक्षर वाचून दाखवायला सांगा. तिने "मधे काय म्हणालास?" असं दोनदा विचारलं तर फोन ठेवा आणि दुसरं नाव लिहायला घ्या. भोसल्यांनी हा फोन उशिरा केला. शेवटी त्यांनी 'भोसलेफॅन' घेतलं.